सोया सॉसचं पिंप कोण बांधणार?

जपानच्या पारंपरिक खाण्यापिण्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सुशी, साके, क्योतोचा चहा असं भरलेलं ताट असावं. विषय मोठा आहे आणि आता प्रतिष्ठेचाही. २०१३ साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला, म्हणजे 'वाशोकू'ला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. डिसेंबर २०२४मध्ये कोजी बुरशीच्या साहाय्याने साके आणि इतर मद्यं बनवण्याचं कौशल्यही त्या यादीत गेलं. पण जपानमध्ये कुठेही जेवायला बसा, समोर एक छोटी काळी बाटली असतेच, आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. त्या बाटलीचा माग काढत मी शोदोशिमा बेटावर गेले. तिथे गेल्यावर मात्र सोया सॉसपेक्षा तो ज्यात मुरतो त्या लाकडी पिंपातच माझा जीव अडकला. म्हणून हा लेख सगळ्या जपानी ताटाविषयी नाही, त्या पिंपाविषयी आहे.

शोदोशिमा हे सेतो अंतर्गत समुद्रातलं, कागावा प्रांतातलं बेट. मुख्य भूमीला जोडणारा पूल नाही, त्यामुळे बोटीशिवाय इथे पोचता येत नाही. ताकामात्सूहून फेरी निघते आणि तासाभरात तोनोशो बंदराला लागते. फेरी धरण्याआधी ताकामात्सूत उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, जरूर खाव्यात. हा प्रांत उदोनसाठीच प्रसिद्ध आहे, आणि इथे ते रश्शाशिवाय, नुसत्या सोया सॉसची धार सोडूनही खातात. जपानी रश्शात बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क असतो आणि शाकाहारी मराठी प्रवाशाची तिथेच पंचाईत होते. बाटलीतल्या सोया सॉसमध्येही कधी तो अर्क मिसळलेला असतो, म्हणून विचारून घेतलेलं बरं. निव्वळ सोया सॉस मात्र सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढ्यावरच होतो. पांढऱ्या, चिवट, गरम उदोनवर तो पडला की आधी खारटपणा लागतो, मग गोडसर काहीतरी, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी ती चव, जिला प्राध्यापक इकेदा किकुनाए यांनी १९०८ साली 'उमामी' असं नाव दिलं.

बेटाचा अधिकृत इतिहास माहितीफलकांवर, पत्रकांवर जागोजागी भेटतो, त्यामुळे तो इथे थोडक्यात सांगते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओसाकाचा किल्ला नव्याने बांधायला काढला तेव्हा त्याचे दगड या बेटावरून गेले. दगडांसाठी आलेल्या माणसांच्या शिदोरीतून सोया सॉस इथे पोचला, असं सांगतात. मीठ बेटावर पिकतच होतं, हवा कोरडी होती, आणि ओसाकाची बाजारपेठ समुद्रमार्गे जवळ होती. मेजी सम्राटाच्या काळात इथे चारशेच्या आसपास कारखाने होते, आता वीसेक उरले आहेत. १९०७मध्ये सुरू झालेल्या मारुकिन या मोठ्या कंपनीचं संग्रहालय इथेच आहे. १९०८मध्ये सरकारने तीन प्रांतांत ऑलिव्ह लावून पाहिले, ते फक्त याच बेटावर रुजले, म्हणून पर्यटक आता जास्त करून ऑलिव्हसाठी येतात. 'चोवीस डोळे' या १९५२च्या कादंबरीमुळे जपानभर हे बेट घरोघरी ठाऊक झालं. तिच्या लेखिका त्सुबोई साकाए इथल्याच, साकाते गावच्या. त्यांचे वडील सोया सॉससाठी लाकडी पिंपं बनवणारे कारागीर होते. हा धंदा तेव्हा बेटावर किती घरगुती होता, हे यावरून कळावं.

आता पिंपांकडे. बेटाच्या आग्नेय भागात उमाकी, यासुदा ही गावं लागून आहेत. या पट्ट्यात काळ्या फळ्यांच्या भिंतींची जुनी कोठारं रस्त्याला खेटून उभी आहेत. वास आधी येतो. तो आंबूस म्हणावा तर आंबूस नाही. त्यात भाजलेला गहू आहे, ओलं लाकूड आहे आणि कुठेतरी पिकलेलं फळही आहे. कोठारात शिरण्याआधी तुम्ही आज नात्तो खाल्लं आहे का, हे विचारतात. नात्तो म्हणजे चिकट तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन, जपानी न्याहारीचा लाडका पदार्थ. त्यातला जीवाणू फार दांडगा असतो. तो कपड्यांवरून, हातांवरून कोजीत शिरला तर सगळा घाणा बिघडवू शकतो, म्हणून ही चौकशी.

आत मातीची जमीन, मातीच्या भिंती, आणि अंधारात माणसापेक्षा उंच पिंपांच्या रांगा. मोठ्या पिंपात सुमारे ५,४०० लिटर मावतं. जुन्या जपानी मापात हे तीस कोकू. पिंपांच्या बाहेरच्या अंगावर, तुळयांवर, छताच्या बांबूंवर करड्या-काळ्या थराची साय धरली आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही घाण वाटते. ते खरं तर कारखान्याचं भांडवल आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले यीस्ट आणि जीवाणू लाकडाच्या रंध्रांत, भिंतींत, छतात वस्तीला आहेत, आणि शेजारच्या कोठारात त्यांचं मिश्रण वेगळं असतं. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन कारखान्यांचा सोया सॉस सारखा लागत नाही.

प्रक्रिया ऐकायला सोपी आहे. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्ही एकत्र करून त्यावर कोजी बुरशीचे बीजाणू पेरायचे आणि उबदार खोलीत तीनेक दिवस ठेवायचं. बुरशीने सगळं पांढरट-हिरवट झालं की ते मिठाच्या पाण्यात घालून पिंपात ओतायचं. या मिश्रणाला मोरोमी म्हणतात. बुरशीची विकरं सोयाबीनमधल्या प्रथिनांची अमिनो आम्लं करतात, गव्हातल्या स्टार्चची साखर करतात. मीठ सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात असल्याने कुजवणारे जीव टिकत नाहीत. टिकतात ते खारटपणा सोसणारे लॅक्टिक जीवाणू आणि यीस्ट. आधी आंबटपणा, मग सुगंध, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या साखर-अमिनो आम्लांच्या संयोगातून तो तांबूस काळा रंग. पोलादी टाकीत तापमान यंत्राने राखून हेच काम साधारण सहा महिन्यांत उरकतं. पिंपाला कुणी ऊब देत नाही की गारवा देत नाही. उन्हाळ्यात मोरोमी बुडबुडते, हिवाळ्यात झोपते. साधा सॉस व्हायला वर्ष, दोन वर्षं लागतात. तयार सॉसमध्येच मिठाच्या पाण्याऐवजी पुन्हा कोजी घालून दुसऱ्यांदा मुरवला तर चार वर्षं. मी तो दुबार मुरवलेला सॉस गार तोफूवर थेंबभर घालून खाल्ला. त्यात खारटपणा मागे सरतो आणि चवीला अंग येतं, जाडपणा येतो. माझ्या मते जपानी पदार्थांत मी चाखलेली ही सगळ्यांत खोल चव आहे.

हे ऐकताना मला लातूर-वाशीमची सोयाबीनची पोती आठवत होती. महाराष्ट्र हे देशातलं सोयाबीनचं अग्रणी राज्य, पण आपलं सोयाबीन तेलासाठी गिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांना. जपानमध्येही बहुतेक सोया सॉस तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचाच होतो. पिंपवाले मात्र बहुतांशी अख्खा दाणा वापरतात. आपल्या चायनीजच्या गाड्यांवर जे मिळतं त्यातला पुष्कळसा माल आम्लाने प्रथिनं फोडून, मीठ आणि कॅरॅमलचा रंग घालून केलेला असतो. बाटलीवरचं नाव तेच असलं तरी मुरणं नावाची गोष्ट त्यात नाही.

जानेवारीत बेटावर पिंपं बांधली जातात, आणि मला पाहायचं होतं ते हेच. मोकळ्या शेडमध्ये उलटं उभं केलेलं अर्धवट पिंप होतं आणि त्याभोवती फिरणारी माणसं. पिंपाच्या फळ्या नारा प्रांतातल्या योशिनोच्या सुगी लाकडाच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या. एका मोठ्या पिंपाला चाळीसेक फळ्या लागतात. फळीला फळी बांबूच्या खिळ्यांनी जोडतात. सरस नाही, लोखंड नाही. हिशेब करून पाहा: चाळीस फळ्यांचं वर्तुळ पुरं व्हायचं तर प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना साडेचार अंशांचा उतार हवा. कडेमागे पाव अंशाची चूक झाली तरी ऐंशी कडांची मिळून वीस अंशांची फट पडते. भरलेल्या पिंपात सहा टनांहून अधिक वजनाचं खारं पातळ मिश्रण शंभर वर्षं राहायचं आहे आणि एक थेंब गळायचा नाही. हे सगळं रंध्याच्या धारेवर आणि हाताच्या बोटांवर सोडलेलं असतं.

त्याहूनही मला बांधून ठेवलं ते कड्याने. पिंपाला बाहेरून आवळून धरणारं कडं बांबूचं असतं. हिवाळ्यात तोडलेला मादाके जातीचा बांबू चिरून, दहा मीटरहून लांब पट्ट्या काढून, त्या सारख्या जाडीच्या तासायच्या आणि मग तीन-चार जणांनी जमिनीवर बसून एकमेकींत गुंफत वर्तुळ करायचं. आपल्याकडचा बुरूड टोपलीची कड वळतो तीच ही विद्या, फक्त कडं माणसाच्या उंचीपेक्षा रुंद. एक पन्नाशीचा माणूस या गुंफणीचं टोक धरून होता. व्यवसायाने तो सुतार, घरं बांधणारा. पिंपाचं काम मोठेपणी शिकलेला. पट्टी वाकवताना ती कुठे तुटेल याचा अंदाज तो डोळ्यांनी घेत नव्हता, अंगठ्याने घेत होता. अंगठा पट्टीच्या आतल्या बाजूने सरकायचा, एका ठिकाणी थांबायचा, आणि तिथे तो सुरीने धाग्याएवढी कपची काढायचा. मग वळवायचा.

कड्याचा घेर आधी मोजून ठरवता येत नाही, निदान पुरता नाही. पिंप तोंडाकडे रुंद आणि तळाकडे निमुळतं असतं. ते उलटं ठेवलं की तळाकडून कडं चढवता येतं आणि खाली ठोकत न्यावं तसं ते आवळत जातं. कडं सैल असेल तर ते ठरल्या जागेच्या खाली घसरतं, घट्ट असेल तर वरच अडतं. दोन्ही वेळा सोडवून पुन्हा गुंफायचं. मी पाहत होते तेव्हा ते वरच अडलं. कुणी काही बोललं नाही. कडं वर काढलं, त्या सुताराने गाठ उकलली, वेढा दोन बोटं सैल केला आणि पुन्हा सगळे कामाला लागले. दुसऱ्यांदा लाकडी ठोकळे कड्यावर टेकवून तिघे मोगरी मारत पिंपाभोवती एकाच दिशेने फिरू लागले. पावलं आणि ठोके एका लयीत. सुरुवातीचा आवाज पोकळ होता. कडं बसत गेलं तसा तो भरीव होत गेला. शेवटी त्या सुताराने पिंपाला कान लावला आणि हात वर केला. ठोके थांबले.

हे पिंप किती वर्षं चालेल, असं मी दुभाष्यामार्फत विचारलं. दीडशे, असं उत्तर आलं, आणि लगेच पुढचं वाक्य, की कडी मात्र मध्ये बदलावी लागतील आणि ती बदलायला कुणीतरी असावं लागेल.

सगळी अडचण या दुसऱ्या वाक्यात आहे. जपानमध्ये पिंपांची जुनी व्यवस्था अशी होती. नवं पिंप आधी साकेवाले घ्यायचे, कारण ताज्या सुगीचा वास मद्याला शोभतो. वीस-तीस वर्षांनी ते झिरपू लागलं की कारागीर ते सोडवायचा, फळ्या तासून पुन्हा बांधायचा, आणि मग ते सोया सॉस किंवा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा, करणाऱ्याकडे जायचं. मिठामुळे लाकूड कुजत नाही, त्यामुळे तिथे ते आणखी शंभर-सव्वाशे वर्षं काढायचं. सोया सॉसवाल्याला नवं पिंप मागवायची गरजच पडत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर साकेवाले मुलामा दिलेल्या धातूच्या टाक्यांकडे वळले. लाकडी भांडी अस्वच्छ, असा तेव्हाचा सूर होता. त्यामुळे वरून येणारा पिंपांचा ओघ आटला, पण खालच्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांची पिंपं अजून धडधाकट होती. दोन पिढ्या अशाच गेल्या, आणि दरम्यान कारागीर संपत आले.

मोठी पिंपं नियमित बनवणारा एकच कारखाना उरला, ओसाकाजवळच्या साकाइ शहरातला फुजिई. २०२०नंतर नवी मोठी पिंपं घेणार नाही, असं त्याने जाहीर केलं. शोदोशिमावरच्या यामारोकू या छोट्या कारखान्याचे पाचव्या पिढीचे मालक यामामोतो यासुओ यांनी २००९ साली तिथे नवी पिंपं मागवली होती. युद्धानंतर कुणा सोया सॉसवाल्याने नवं पिंप मागवण्याची ही पहिलीच वेळ, असं त्यांना तिथे सांगण्यात आलं. नातवंडांच्या काळात आपली पिंपं दुरुस्त करायला कुणीच नसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. २०१२ साली ते दोन सुतार मित्रांना घेऊन साकाइला शिकायला गेले आणि पुढच्या वर्षी बेटावर स्वतःच्या हाताने पिंप उभं केलं. तेव्हापासून दर जानेवारीत तिथे पिंपबांधणी होते. देशभरातले सोया सॉस, मिसो आणि साके करणारे येतात, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेलेही. यामामोतो विद्या लपवत नाहीत. पिंपातला सोया सॉस देशातल्या एकूण उत्पादनाच्या जेमतेम एक टक्का आहे. त्या एका टक्क्यासाठी आपसांत भांडण्यापेक्षा तो दोन टक्के करू, असा त्यांचा हिशेब आहे. मला तो पूर्ण पटला. प्रतिस्पर्ध्यालाही पिंप बांधता आलं तरच लाकूड, बांबू आणि अवजारं यांचा बाजार जिवंत राहतो.

तरीही काळजी वाटते. सोया सॉसची देशातली पिंपं चार-पाच हजारांच्या घरात, त्यातली हजारावर या एकट्या बेटावर. बहुतेक युद्धापूर्वीची, म्हणजे त्यांचं वय आता भरत आलं आहे. जानेवारीत दोन-चार नवी बांधून हा हिशेब जुळत नाही. वर्षातून एकदा जमणं हा उत्सव आहे, त्यावर कुणाचं घर चालत नाही. पिंप बांधणं हा पुन्हा कुणाचातरी बारमाही धंदा झाला पाहिजे. तसं थोडं घडतंही आहे. अकिता शहरातल्या अरामासा या साकेवाल्यांनी पोलादी टाक्या सोडून लाकडी पिंपांकडे परतायचं ठरवलं आणि पिंपं बनवायची स्वतःची कार्यशाळा काढली. साकेवाले पुन्हा नवी पिंपं घेऊ लागले तर तुटलेली साखळी वरच्या टोकाकडून जुळू शकते. पण असे साकेवाले थोडे आहेत.

लाकडाचा प्रश्न त्याहून लांबचा. पिंपाला शंभर वर्षांवरची झाडं लागतात. योशिनोच्या डोंगरांत पाचशे वर्षं दाट लागवड करून, हळूहळू विरळणी करून सरळ, बारीक वलयांचं लाकूड वाढवलं जातं. परदेशी लाकूड स्वस्तात येऊ लागल्यापासून ही वनशेती डबघाईला आली आहे. आज पिंपासाठी पडणारं झाड कुणाच्या तरी पणजोबाने लावलेलं असतं. बांबूची बनंही निगेअभावी माजली आहेत. बांबू पुष्कळ आहे, पण कड्याजोगा सरळ, योग्य वयाचा निवडून तोडणारे कमी. बेटाची लोकसंख्या तीस हजारांच्या खाली गेली आहे आणि तरुण मुलं फेरीने पलीकडे जाऊन परतत नाहीत.

आणि गिऱ्हाईक? १९७३च्या सुमारास जपानमध्ये वर्षाला तेरा लाख किलोलिटरच्या घरात सोया सॉस निघत असे, आता सात लाखांच्या आसपास. लोक घरी कमी रांधतात, तयार मसाला-मिश्रणं वापरतात. १९५५मध्ये सहा हजार कारखाने होते, आता हजार-अकराशे. पिंपवाल्याचा पैसा चार-चार वर्षं मोरोमीत अडकून राहतो, तर टाकीवाला तेवढ्या वेळात सात-आठ घाणे काढतो. स्वस्तात विकणं पिंपवाल्याला कधीच परवडणार नाही. त्याला बाटलीचा जास्त भाव देणारा, आणि तो का द्यायचा हे ठाऊक असलेला ग्राहक हवा. म्हणून हे कारखाने कोठारांची दारं प्रवाशांना उघडी ठेवतात.

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या वाढते आहे, आणि बहुतेकांची वाट तोक्यो, क्योतो, ओसाका अशीच ठरलेली असते. त्यांना माझी विनंती आहे की ओसाकाहून एक दिवस काढून शोदोशिमाला जा. सकाळी नात्तो खाऊ नका, कोठारात हात लावू नका, आणि निघताना पिंपात मुरवलेल्या सॉसची एक छोटी बाटली घ्या. ती परतणीच्या भाज्यांत किंवा फ्राइड राइसमध्ये संपवू नका, तापल्यावर तिचा सुगंध उडतो. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि पनीरवर, काकडीवर, मऊ भातावर थेंब थेंब घाला. टाकीतल्या सॉसपेक्षा ती महाग असेल, आणि त्या पैशातूनच पुढचं पिंप मागवलं जातं.